मोटारीतला पडदा रुसतो तेव्हा...

- प्रतिनिधी

जानेवारी २०२२च्या अखेरीस अमेरिकेतील सिएटल परिसरात माझदा मोटारींच्या मालकांना एक विचित्र अनुभव आला. २०१४ ते २०१७ या मॉडेल-वर्षांच्या अनेक गाड्यांचे इन्फोटेन्मेंट पडदे एकाएकी बिथरले. पडदा आपोआप बंद होई, पुन्हा सुरू होई, आणि रेडिओ केयूओडब्ल्यू या एकाच केंद्रावर अडकून बसे. दुसरे केंद्र लावता येईना, ब्लूटूथ चालेना, मागचा कॅमेराही दिसेना. बिघडलेला भाग बदलण्याचा खर्च सुमारे दीड हजार डॉलर सांगण्यात आला. पुढे कारण उघडकीस आले ते असे की, या केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाबरोबर पाठविलेल्या काही चित्रांच्या फाइल्सना त्यांचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरेच नव्हती. ती चित्रे कशी हाताळावीत हे न कळल्याने गाडीतील संगणक गोंधळला आणि त्या गोंधळातून बाहेरच पडू शकला नाही. अखेर कंपनीने तो भाग विनामूल्य बदलून देण्याची तयारी दर्शविली.

या प्रकरणात पडद्याची काच शाबूत होती, वायरिंग ठीक होते आणि बॅटरीही उत्तम होती. पडदा बिघडला म्हणजे पडदाच बदलावा लागेल, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. या यंत्रणेत वीजपुरवठा, संगणक, त्याची स्मृती, काच, कॅमेरा आणि मोबाइल अशी अनेक मंडळी एकत्र नांदत असतात. त्यांपैकी नेमके कोण रुसले आहे, हे वर्कशॉपची पायरी चढण्यापूर्वी बऱ्याच अंशी घरीच ओळखता येते. संपूर्ण युनिट बदलण्याचे अंदाजपत्रक हाती पडल्यावर हीच माहिती उपयोगी पडते.

पहिली परीक्षा कानांनी घ्यावी. पडदा काळा आहे, पण गाणे ऐकू येते, स्टिअरिंगवरील बटणांनी आवाज कमी-जास्त होतो, अशी स्थिती असेल तर संगणक जिवंत आहे. दोष दर्शनी भागात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. अंधारात पडद्यावर टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहावा. अक्षरे पुसट का होईना, दिसली तर केवळ पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. आवाज आणि चित्र दोन्ही नसतील तर प्रथम फ्यूजकडे वळावे. कोणता फ्यूज कोठे आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तोही लगेच जळाला, तर त्याहून मोठा बसवण्याचा मोह टाळावा. वायरिंगमध्ये कोठेतरी शॉर्ट सर्किट आहे, याचीच ती खूण होय.

गाडी दरवेळी सुरू केल्यावर घड्याळ, आवडती केंद्रे, आवाजाची पातळी असे सारेच विसरले जात असेल, तर त्याचे कारण बहुधा साधे असते. या युनिटला दोन मार्गांनी वीज मिळते. एक चावी फिरविल्यावर येते, तर दुसरी कायम वाहती असून स्मृती राखते. ही दुसरी खंडित झाली की पडदा दररोज नव्याने जन्म घेतो. बाहेरून बसविलेल्या स्टिरिओमध्ये साधारणपणे पिवळी तार कायम विजेची आणि लाल तार चावीच्या विजेची असते. घाईत केलेल्या फिटिंगमध्ये यांचीच अदलाबदल झालेली आढळते.

बॅटरी अशक्त झाली तरी पडदाच आधी कुरकुरतो. इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या गाडीत सुदृढ बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखविते; आकडा १२.२च्याही खाली असेल, तर चार्जिंग तरी कमी झाले आहे किंवा बॅटरीचे वय तरी झाले आहे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर आणखी घसरते. इंजिन त्यातून सावरते, पण संगणकाला तेवढा धक्का पुरतो आणि पडदा सुरू होता होता अडखळतो. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर साफ करणे, हा यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

संगणक नुसताच 'हँग' झाला असेल, तर त्याला पुन्हा सुरू करणे हाच इलाज. बहुतेक गाड्यांत पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यास पडदा बंद होऊन नव्याने सुरू होतो. टेस्लामध्ये स्टिअरिंगवरील दोन्ही चक्रे पडदा काळा होईपर्यंत दाबून धरावी लागतात. फोर्डच्या सिंक ३मध्ये पॉवरबरोबर पुढचे गाणे लावण्याचे बटण दाबतात. अर्थात हे गाडी थांबवूनच करावे. यात साठविलेली माहिती सहसा जात नाही. 'फॅक्टरी रीसेट' ही मात्र वेगळी गोष्ट. त्याने सगळेच पुसले जाते, तेव्हा तो उपाय शेवटी ठेवावा. बॅटरीची केबल काढून ठेवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. जुन्या काही स्टिरिओंना त्यानंतर सांकेतिक क्रमांक विचारण्याची सवय असते. काही गाड्यांत खिडक्यांच्या काचांचे सेटिंगही जाते. हायब्रीड आणि विजेवरच्या गाड्यांत तर हा प्रयोग स्वतः करूच नये.

स्पर्शाला दाद न देणारा किंवा कोणी हात न लावताच बटणे दाबू लागणारा पडदा अधिक त्रास देतो. आजकालचे बहुतेक पडदे बोटाची विद्युतधारणा ओळखून चालतात. ओलसर बोट, पावसाळ्यात काचेवर साचलेले बाष्प, नीट न चिकटलेला स्क्रीनगार्ड यांनी त्यांची फसगत होते. आधी स्क्रीनगार्ड काढावा आणि मऊ, कोरड्या कापडाने काच पुसावी. घरातल्या खिडक्यांसाठी मिळणारा अमोनियायुक्त द्रव येथे वापरू नये; काचेवरील लेप त्याने खराब होतो. मे महिन्यात उन्हात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीत पडदा मंद दिसत असेल, तर थोडा धीर धरावा. तापमान उतरल्यावर तो पूर्ववत झाला, तर तो बिघाड नव्हे. यंत्रणेने स्वतःचा केलेला तो बचाव होय.

पडदा केवळ रिव्हर्स टाकल्यावरच काळा होत असेल, तर पडद्याला हात लावण्याचे कारणच नाही. डिकीचे झाकण दररोज उघडते-मिटते आणि बिजागरीजवळ कॅमेऱ्याची तार वाकून वाकून तुटते. कॅमेऱ्यात पाणी शिरणे हे दुसरे कारण. तसेच मोबाइल जोडला जात नसेल, तर प्रथम केबल बदलावी. काही केबल्स केवळ चार्जिंग करतात, माहिती वाहून नेत नाहीत. नंतर गाडी आणि फोन या दोहोंमधून जुनी जोडणी पुसून ती नव्याने करावी. एकाच बाजूने पुसल्यास गोंधळ कायम राहतो.

सॉफ्टवेअरचे दोष मात्र मालकाच्या हाती नसतात. १ जानेवारी २०२२ रोजी होंडा आणि अक्युराच्या अनेक जुन्या मोटारींची घड्याळे अचानक २००२ सालात गेली होती. अशा वेळी युनिट खोलून उपयोग नसतो. कंपनीने दिलेली सुधारित आवृत्तीच हवी. ती पेनड्राइव्हने घालावयाची असल्यास आपल्या गाडीच्या चासी क्रमांकानुसार अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि काम पूर्ण होईपर्यंत वीज खंडित होऊ देऊ नये. अर्ध्यावर थांबलेले अपडेट चांगले युनिटही निकामी करू शकते.

कधी कधी दोष खरोखरच आतल्या भागाचा असतो. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत आठ गिगाबाइटची स्मृती-चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहिल्या जात. अशी चिप ठराविक वेळाच लिहिता-पुसता येते, त्यानंतर ती झिजते. चिप संपली की मागचा कॅमेरा आणि काचेवरील बाष्प घालविण्याचे नियंत्रणही जाई. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने हा सुरक्षेचा दोष ठरविल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावण्याचे मान्य केले. गाणी वाजविणारे यंत्र बिघडले, एवढ्यावर हा वाद मिटविता आला नाही, ही बाब आपल्याकडील ग्राहकांनीही ध्यानात घ्यावी. एसी आणि कॅमेरा पडद्यावर सोपविलेल्या गाड्या आपल्याकडेही आहेत. बाष्पाने धुरकटलेल्या काचेतून घाट उतरण्याची वेळ आली, तर पडदा ही चैनीची वस्तू राहत नाही.

वॉरंटी शिल्लक असताना तारा कापून बाहेरचे उपकरण बसविणे टाळावे. त्याचा आधार घेऊन दुरुस्ती नाकारली जाते. पडदा बिघडतो तेव्हाच मोबाइलवर चित्रफीत घ्यावी, कारण सर्व्हिस सेंटरच्या दारात तो हमखास शहाण्यासारखा वागतो! जॉबकार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. युनिट बदलण्यास सांगितल्यास फ्यूज, बॅटरी व आवृत्ती यांपैकी काय तपासले, ते लेखी मागावे. समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जुने युनिट काढलेच, तर पडदा चालत असल्यास ते देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करावे. आपल्या फोनमधील नावे-क्रमांक आणि घराचा पत्ता त्यात तसेच राहिलेले असतात. पडदा पूर्ण मृत असेल, तर जुने युनिट परत मागून घेणे बरे.