लेक लाडकी योजना

मुलीचा जन्म, शिक्षण आणि प्रौढत्व या टप्प्यांवर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना रोख साहाय्य देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत पाच हप्त्यांत एकूण 1,01,000 रुपये मिळतात. महिला व बालविकास विभागाकडे योजनेची जबाबदारी आहे.

पार्श्वभूमी : गर्भलिंगनिदानावर कायद्याने बंधन घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. हा कायदा 1988 मध्ये झाला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेतील 913 वरून 2011 मध्ये 894 वर आली. बीड जिल्ह्यात ती 807 इतकी खाली गेली होती. कायद्याच्या धाकाला आर्थिक आधाराची जोड हवी, या विचारातून 2014 मध्ये सुकन्या योजना आणि 2016 मध्ये माझी कन्या भाग्यश्री योजना आली. भाग्यश्री योजनेत मुलीच्या नावे मुदत ठेव ठेवली जाई. तिच्या जागी आलेल्या लेक लाडकी योजनेची घोषणा 9 मार्च 2023 रोजी अर्थसंकल्पात झाली. शासन निर्णय 30 ऑक्टोबर 2023 रोजी निघाला, मात्र लाभ 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींना लागू झाला.

हप्ते : मुलीच्या जन्मानंतर 5,000 रुपये, पहिलीत गेल्यावर 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 रुपये मिळतात. शेवटच्या हप्त्यासाठी मुलगी अविवाहित असणे आवश्यक आहे. बालविवाहाला आळा घालणे हा योजनेचा एक उद्देश आहे. मुलींचा जन्मदर वाढवणे, बालमृत्यू आणि कुपोषण कमी करणे, शाळाबाह्य मुलींचे प्रमाण शून्यावर आणणे हे इतर उद्देश.

पात्रता : कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेचे धारक आणि वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. कुटुंबातील एक किंवा दोन मुलींना, तसेच एक मुलगा व एक मुलगी असल्यास मुलीला लाभ मिळतो. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाल्यास त्यांतील एक किंवा दोन्ही मुली पात्र ठरतात. दुसऱ्या अपत्यानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेण्याची अट आहे.

अर्ज : अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असतो. सोबत मुलीचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँक पासबुकाच्या प्रती जोडतात. शिक्षणाच्या टप्प्यांवर शाळेचा दाखला लागतो. छाननीनंतर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. गरोदरपणाची आणि बाळाच्या वजनाची नोंद ठेवणारी सेविका घर ओळखत असल्याने पहिल्या हप्त्यासाठी ही व्यवस्था सोयीची ठरते. पुढचे तीन हप्ते मात्र शाळेशी जोडलेले आहेत. ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षणच खंडित होते. त्यामुळे ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांच्याच हातून हप्ता निसटण्याचा धोका असतो.

मूल्यमापन : रकमेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अखेरच्या हप्त्यात आहे. त्यामुळे अठराव्या वर्षी पुढील शिक्षणासाठी मुलीच्या हाती भरीव रक्कम येऊ शकते. पण अठरा वर्षांच्या वाढीच्या काळात घराला मिळणारे साहाय्य 26,000 रुपयांचेच राहते. कुपोषणाच्या दृष्टीने कळीची असलेली पहिली सहा वर्षे घराला 5,000 रुपयांवर निभवावी लागतात. हप्त्यांच्या रकमा ठरावीक असून महागाईबरोबर वाढत नाहीत.

याहून मोठी उणीव सहावी आणि अकरावी यांच्यामध्ये आहे. शिक्षणहक्क कायद्याचे सक्तीचे शिक्षण चौदाव्या वर्षी संपते. नववी-दहावीत कायद्याचे बंधन उरत नाही आणि योजनेचा हप्ताही नसतो. घरकाम, शेतमजुरी, गावात माध्यमिक शाळा नसणे आणि लग्नाची घाई ही कारणे मुलीला शाळेतून ओढतात ती याच वयात. अकरावीचा हप्ता तिथवर पोहोचलेल्या मुलीलाच मिळतो. वाटेत थांबलेल्या मुलीला तो परत आणू शकत नाही. नववीच्या प्रवेशावेळी एक हप्ता दिल्यास योजनेचा हेतू अधिक नेमकेपणाने साधेल.

योजनेतील पहिल्या मुली 2041 मध्ये अठरा वर्षांच्या होतील. त्या वेळी केवळ वाटलेल्या रकमेची बेरीज पुरणार नाही. 2023 मध्ये नोंदवलेल्या मुलींपैकी किती जणी दहावी झाल्या आणि किती जणींचे लग्न अठराच्या आधी टळले, यावरच योजनेचे यश ठरवावे लागेल. त्यासाठी पहिल्या हप्त्यापासून प्रत्येक मुलीची नोंद शाळा बदलली, गाव बदलले तरी पुढे चालू राहणे गरजेचे आहे.