तंद्री नव्हे, अपस्मार

फळ्यावरचे उतरवून घेता घेता मूल एकाएकी थांबते. नजर शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात, पेन्सिल हातात तशीच राहते. दहा-पंधरा सेकंदांनी ते पुन्हा लिहू लागते आणि मध्ये काही घडले याचा त्याला पत्ताही नसतो. ते खाली कोसळत नाही, तोंडाला फेस येत नाही, हातपाय झाडत नाही. त्यामुळे कांदा किंवा चप्पल हुंगवायला कोणी धावत नाही. ‘लक्ष नाही’ एवढाच शेरा त्याच्या वाट्याला येतो.

या विकाराला ‘अ‍ॅब्सेन्स’ अपस्मार म्हणतात. तो बहुधा चार ते दहा या वयात सुरू होतो. मुलींमध्ये त्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळते. झटका काही सेकंदांचाच असला, तरी दिवसातून असे डझनावारी झटके येऊ शकतात. म्हणजे एकाच तासिकेत गणिताची पायरी तीनदा निसटते. पुष्कळ मुलांचा हा विकार किशोरवयात थांबतो. पण तोवर शाळेची पहिली वर्षे हातची गेलेली असतात. विहिरीवर, नदीत किंवा रस्त्यावर असताना झटका आला, तर जिवावरही बेतू शकते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा शेरा अधिक महागात पडण्याची शक्यता आहे. येथील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजांतील अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. जेवताना घास तोंडाजवळ थांबला, हे एरवी आईच्या नजरेतून सुटले नसते. पण ती कित्येक महिने जवळ नसते. मेंदूचा विद्युत आलेख काढायचा, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे, तर सहसा कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. तानसा आणि भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते, रुग्णाला मात्र उलट दिशेने तज्ज्ञ मिळत नाही. शहापूरकरांना निदान आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून लोकल मिळते. मुरबाडला रेल्वे नाही. माळशेज घाटाखालच्या पाड्यांवरून टोकावडेमार्गे निघालेल्यांचा दिवस रस्त्यातच जातो.

शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत झटक्यांचे विकारही आहेत. तथापि पथक शाळेत येते ते वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, आणि हा झटका तर काही सेकंदांत ओसरतो. शिक्षकाने आधी सांगितले नसेल, तर तो पथकाच्या दृष्टीस पडणे कठीणच.

हा झटका म्हणजे मोठ्या आकडीची छोटी आवृत्ती, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे, आणि हे समजण्यास प्राण्यांवरील संशोधनाचा मोठा हातभार लागला. १९३५ साली अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स या संशोधकांनी झटक्याच्या वेळचा विद्युत आलेख नोंदवला. टोक आणि लहर अशी जोडी सेकंदाला तीन वेळा, संपूर्ण मेंदूभर उमटत होती. ती निघते कोठून, हे पाहण्यासाठी मुलाच्या मेंदूत खोलवर तारा घालणे शक्य नव्हते. १९४७ मध्ये मॉन्ट्रियल येथे मांजरांच्या मेंदूतील थॅलॅमस या मधल्या केंद्राला विद्युत चेतना दिली असता तशाच लहरी उमटल्या.

पुढे असे उंदीर सापडले की त्यांना काही टोचावे लागत नव्हते. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १९८०च्या दशकाच्या आरंभी, विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांपैकी सुमारे ३० टक्क्यांत या लहरी आपोआप येत असल्याचे आढळले. निवडक पैदाशीतून काही पिढ्यांत सर्वच उंदरांत त्या दिसू लागल्या. नेदरलँड्समधील नाइमेखन येथेही १९८६ मध्ये असा दुसरा वंश नोंदवला गेला. उंदीर थबकतो, मिशा थरथरतात, मग तो पुन्हा चालू लागतो. माणसाशी साम्य येथवरच. उंदरांत लहरींचा वेग सेकंदाला सात ते अकरा असतो, आणि मुलांचा विकार वयाबरोबर जातो तर उंदरांचा वाढत जातो.

तरीही या उंदरांनी बरेच काही शिकवले. थॅलॅमस आणि बाह्यपटल यांच्यातील संदेशांचे चक्र एका ठेक्यात अडकले की भान हरपते. थॅलॅमसच्या पेशींवरील ‘टी’ प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या या ठेक्याला साथ देतात, आणि इथोसक्सिमाइड हे औषध त्यांना आवर घालते, असे १९८९ मध्ये दाखवले गेले. ठिणगी थॅलॅमसमध्ये नव्हे, तर बाह्यपटलाच्या तोंड व मिशांशी संबंधित भागात पडते, असे २००२ मध्ये नाइमेखनच्या उंदरांत दिसले. तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र धडा स्पष्ट आहे. फिट येते म्हटले की फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन देण्याची पद्धत जुनी आहे. स्ट्रासबर्गच्या उंदरांत या औषधांनी लहरी थांबल्या नाहीत. कार्बामाझेपिनने तर त्या वाढल्या. मुलांतही ही औषधे या झटक्यांना वाढवू शकतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४५३ मुलांच्या चाचणीत इथोसक्सिमाइडचा गुण ५३ टक्के, व्हॅल्प्रोएटचा ५८ टक्के, तर लॅमोट्रिजिनचा २९ टक्के मुलांना आला. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत एकाग्रतेच्या तक्रारी अधिक होत्या. शिवाय गर्भावस्थेत ते घेतल्यास बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून मुलगी वयात येण्याआधीच डॉक्टरांनी याचा विचार करावा लागतो.

निदानाची पहिली पायरी बिनखर्चाची आहे. मुलाला भिरभिऱ्यावर तीन मिनिटे जोराने फुंकर मारायला सांगितले, तर उपचार न झालेल्या बहुतेक रुग्ण मुलांमध्ये झटका समोरच येतो. हे का होते, याचाही उलगडा उंदरांनीच केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटला की लहरी वाढल्या आणि तो वायू पुरवताच कमी झाल्या. ही फुंकर मात्र शिक्षकांनी वर्गात करून पाहायची नाही. ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, आणि अशा मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावणे धोक्याचे असते. त्यामुळे सिकलसेलची तपासणी आधी आणि फुंकर डॉक्टरांसमोरच. शिक्षकाने झटक्याची तारीख, वेळ आणि तो किती सेकंद टिकला हे वहीत लिहावे, जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे आणि ते तपासणी पथकाच्या हाती द्यावे.