साच्यापासून सांध्यापर्यंत : पवईच्या ‘बेटिक’ची वाटचाल

वितळलेला धातू साच्यात ओतला की थंड होताना आकसतो. जिथे तो सगळ्यांत शेवटी गोठतो, तिथे आत पोकळी राहते. वरून भाग गुळगुळीत दिसतो, पण भार आला की त्याच जागी तडकतो. फाउंड्रीतला जुना कारागीर नुसता साचा पाहून ही जागा सांगतो. तीच जागा ओतकामाआधी संगणकाला शोधता येईल का? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉक्टरेटचा अभ्यास करताना बी. रवी नावाचे तरुण अभियंते याच प्रश्नाच्या मागे होते. पुढे ते पवईच्या आयआयटी मुंबईत यंत्र अभियांत्रिकी शिकवू लागले आणि त्या कामातून ‘ऑटोकास्ट’ हे ओतकामाचे सॉफ्टवेअर उभे राहिले.

याच माणसाच्या प्रयोगशाळेत पुढे माणसाचा गुडघा घडवायला घेतला गेला. मला ही वाटचाल सांगावीशी वाटते ती या वळणासाठी. ओतकाम आणि हाड यांचे नाते वाटते तितके लांबचे नाही. हाड कंपास-पट्टीने काढता येत नाही, त्याला एकही सरळ कड नसते, आणि प्रत्येकाचे वेगळे असते. अशा वेड्यावाकड्या आकाराचा संगणकात नमुना करायचा, त्यात ताण कुठे साठेल ते पाहायचे आणि मग तो धातूत उतरवायचा, हे साच्याच्या अभियंत्याचे रोजचेच काम.

प्रश्न आला परळहून. टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडाच्या कर्करोगाची मुले येतात, बरीचशी ऐन वाढीच्या वयातली. या वयात गुडघ्याजवळचे हाड सर्वांत वेगाने वाढते आणि गाठही पुष्कळदा तिथेच होते. पूर्वी पाय मांडीतून कापत. नंतर गाठीसकट हाडाचा तुकडा आणि गुडघा काढून तिथे धातूचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आली आणि पाय वाचू लागले. पण परदेशी सांधा महाग. शिवाय तो तिकडच्या उंच्यापुऱ्या देहांसाठी आखलेला. आपल्याकडे हाडे लहान, आणि जेवायला, पूजेला, गप्पांना माणूस जमिनीवर बसतो. मांडी घालता आली नाही तर घरातल्या पंगतीतूनच तो उठतो.

केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मदत दिली आणि 2007 मध्ये आयआयटीत ‘ऑर्थोकॅड’ हे केंद्र सुरू झाले. परळचे शल्यविशारद, पवईचे अभियंते आणि हैदराबादचे अलोह धातूंचे संशोधन केंद्र, अशी ही तीन ठिकाणची जुळणी होती. कागदावर ती सोपी दिसते. प्रत्यक्षात शल्यविशारद ‘इथे थोडे अडते’ म्हणतो, अभियंत्याला ते ‘थोडे’ मिलिमीटरमध्ये हवे असते, आणि धातूवाल्याला विचारायचे असते की इतका पातळ भाग लाखो पावलांनंतर टिकेल का. एकमेकांची भाषा शिकण्यातच बरेच दिवस जातात. ते दिवस वाया गेले असे ज्याला वाटते, त्याने या वाटेला येऊ नये.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे खरे काम इथे सुरू होते. एकच उदाहरण पाहू. शस्त्रक्रियेआधी हाडाचा त्रिमितीय आकार कळायला हवा. सी.टी. स्कॅनमधून तो मिळतो, पण स्कॅन महाग, किरणोत्सर्ग जास्त, आणि तालुक्याच्या गावी यंत्रच नसते. एक्स-रे मात्र जवळपास सगळीकडे निघतो. मग समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंवरून मांडीच्या हाडाचा पूर्ण आकार बांधता येईल का? रवी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने संगणकातले एक नमुना-हाड घेतले, दोन्ही एक्स-रेंतल्या कडांशी ते जुळेपर्यंत त्याचा पृष्ठभाग हळूहळू ताणत नेला, आणि तसे करताना हाडाची मूळ ठेवण मोडणार नाही असे गणित लावले. हे काम 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. लाप्लास या गणितज्ञाच्या नावाचे हे गणित या वाटेने हाडांच्या वॉर्डापर्यंत पोचते, याचा मला आजही आनंद वाटतो.

एका सांध्यावर थांबायचे नाही, हे तोवर ठरले होते. 2014 च्या सुमारास महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळाने ‘बेटिक’ उभे राहिले. बेटिक म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकीतून नवी उपकरणे घडवणारे केंद्र. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर, स्वतः व्हीजेटीआयचे यंत्र अभियंते. मुख्य केंद्र पवईत, आणि सोबत नागपूरचे व्हीएनआयटी व पुण्याचे सीओईपी. मुंबईबाहेरच्या या दोन जागा मला फार मोलाच्या वाटतात, कारण नागपूरच्या डॉक्टरची अडचण पवईत बसून दिसत नाही.

रीत ठरलेली होती. आधी रुग्णालयात जाऊन उभे राहायचे आणि पाहायचे. मग कार्यशाळेत नमुना करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. मग तो बनवणारा उद्योग शोधायचा किंवा स्वतः काढायचा, आणि शेवटी वस्तू त्याच रुग्णालयात परत न्यायची. मधुमेह्याच्या पायातली बधिरता वेळीच ओळखणारे उपकरण या रीतीतून आले. साध्या स्टेथोस्कोपला जोडून हृदयाचा आवाज मोठा करणारे उपकरणही इथल्याच तरुणांचे. 2020 च्या साथीत पीपीई किट घातलेल्या डॉक्टरांना कानात नळ्या घालता येईनात. तेव्हा दूर राहून ठोके ऐकवणारे असे सुमारे 1,000 संच देशभरच्या रुग्णालयांकडे गेले.

या सगळ्यात एक अवघड जागा आहे. प्रबंधाचे परीक्षक विचारतात, यात नवे काय? रुग्णाला हवी असते खात्री. त्यात 1 जानेवारी 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले. ते योग्यच आहेत, पण चाचण्या आणि परवाने यांत जाणारी वर्षे कुठल्याही शिष्यवृत्तीच्या मुदतीत मोजलेली नसतात. पदवी हातात आल्यावर नोकरीची पत्रे बाजूला ठेवून जे आपल्या उपकरणाबरोबर थांबले, त्यांचे ऋण मोठे आहे. काकोडकर समितीने 2011 मध्ये आयआयटींतून वर्षाला 10,000 पीएच.डी. व्हाव्यात असे सुचवले होते. त्यातले शंभर जरी रुग्णालयाच्या दारातून प्रश्न घेऊन आले, तरी मला ते पुष्कळ वाटेल.

रवी पुढे सुरतकलच्या एनआयटीचे संचालक झाले.

हे सारे मी सिल्वासाच्या वाचकांसाठी लिहितो आहे. 2 ऑगस्ट 1954 ला पोर्तुगिजांकडून सिल्वासा मुक्त करणाऱ्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. त्यानंतर इथे कारखाने आले. धागा, प्लास्टिक, तांब्याची तार. साचे बनवणारे, साचे दुरुस्त करणारे हात आले. इथल्या कराडला तंत्रनिकेतन आहे. 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, आणि 7 मार्च 2025 रोजी 450 खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटन झाले. कार्यशाळा आणि रुग्णालय या ज्या दोन टोकांमध्ये पवईला पूल बांधावा लागला, ती दोन्ही टोके इथे एकाच शहराच्या परिघात आहेत.

प्रश्नही आहे, खानवेलकडच्या शेतांत. भाताची लावणी अनवाणी, पोटरीभर चिखलात होते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाने लावणी कशी करायची? 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेल्या जयपूर फूटने अनवाणी चालणे आणि उकिडवे बसणे शक्य केले. चिखलातून पाऊल उपसताना मात्र कृत्रिम पायाला मागे खेचणारा जोर वेगळाच असतो. तो किती किलो, पायाच्या जोडावर नेमका कुठे येतो, पाऊल कोणत्या आकाराचे केले तर तो कमी होईल आणि तसा साचा पिपरियाच्या एखाद्या कारखान्यात निघेल का, एवढे मोजायला एका विद्यार्थ्याचे चार पावसाळे लागतील.