कात्री आणि प्रेक्षक

चित्रपटगृहातील दिवे मालवतात आणि पडद्यावर प्रथम उमटते ते एक सरकारी प्रमाणपत्र. त्यावरील क्रमांक, सह्या आणि तारीख सहसा कोणी वाचीत नाही. खेळ संपल्यावर मात्र तोच प्रेक्षक पानाच्या ठेल्यापाशी उभा राहून निकाल देतो, की अमुक प्रसंग कापावयास हवा होता आणि तमुक प्रसंगास उगीच कात्री लागली. प्रत्येक प्रेक्षक या अर्थाने हौशी सेन्सॉरच असतो. परंतु गंमत अशी, की सेन्सॉरची कात्री चालते ती याच माणसाच्या नावाने. त्याला किती कळते, त्याला काय सोसवते आणि कशाने तो बिथरेल, याविषयी राज्यकर्त्यांनी वेळोवेळी बांधलेले अंदाज म्हणजेच आपल्या देशातील चित्रपट-नियंत्रणाचा इतिहास होय.

या अंदाजांचे मूळ चित्रपटाच्याही पूर्वीचे आहे. १८७६ च्या कायद्याने इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला होता. १९०७ साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, परंतु कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे महाराष्ट्रातील प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. पुराणकथेच्या आडून वर्तमानकाळ बोलू शकतो, हा धडा सरकार तेथे शिकले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला आणि नाटकाहून कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचणारे एक साधन जन्मास आले. १९१८ मध्ये सिनेमाचा कायदा झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षणमंडळे स्थापन झाली. ती पोलीस आयुक्तांच्या छायेखाली काम करीत. चित्रपटाचा विचार कलेपेक्षा बंदोबस्ताचा प्रश्न म्हणूनच अधिक झाला, हे यावरून ध्यानात येईल.

पहिली मोठी कसोटी लवकरच आली. १९२१ साली कोहिनूर कंपनीने ‘भक्त विदुर’ हा मूकपट काढला. त्यातील विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी होती आणि अंगात खादीचा सदरा. असहकाराचे ते दिवस. मुंबईत चित्रपट चालला; कराची आणि मद्रास येथे त्यावर बंदी पडली. पडद्यावर तर एक शब्दही उच्चारला जात नव्हता. भीती चित्राची नव्हती, चित्र पाहून प्रेक्षक काय ओळखील याची होती.

हॉलिवुडच्या चित्रपटांविषयीची चिंता निराळी होती. त्यांतील गोऱ्या स्त्रीपुरुषांचे स्वैर वर्तन पाहून हिंदी माणसाच्या मनातील साहेबाचा दरारा उतरेल, असे अनेक इंग्रजांना वाटे. १९२७ मध्ये मद्रासचे वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने देशभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या. साक्ष देणाऱ्यांत फाळके होते. आणि ज्यांनी आपण कधी सिनेमागृहात गेलोच नाही असे कळविले, त्यांत महात्मा गांधी होते. १९२८ च्या अहवालात समितीने नियंत्रण आवश्यक मानले. पण जातीय, वांशिक व राजकीय भावनांची मंडळे नको तितकी जपणूक करतात, असेही तिने बजावले. अहवालातील शिफारशी बहुतांशी कपाटातच राहिल्या.

मराठी निर्मात्यांना याची झळ लवकरच लागली. १९३० साली प्रभात कंपनीने शिवचरित्रावर ‘स्वराज्याचे तोरण’ तयार केला. ‘स्वराज्य’ हा शब्दच परीक्षकांना खपला नाही, आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने बाहेर पडला. १९३५ मध्ये याच कंपनीचा एकनाथांच्या जीवनावरील ‘महात्मा’ आला. त्यात बालगंधर्वांची भूमिका होती. अस्पृश्याला जवळ करणाऱ्या संताला त्या काळी ‘महात्मा’ म्हणणे म्हणजे कोणाचे स्मरण करून देणे, हे मंडळाने ताडले. चित्रपटाचे नाव ‘धर्मात्मा’ झाले. पण शिवाजीने बांधलेल्या तोरणाचा अर्थ नाव बदलल्याने बदलला काय? १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये कवी प्रदीप यांनी एका गीतात जर्मनी आणि जपान यांना आव्हान दिले, म्हणून ते परीक्षणातून सुटले. प्रेक्षकांनी मात्र ते आव्हान राज्यकर्त्यांना उद्देशून आहे असेच मानले आणि गाणे पुन्हापुन्हा दाखवावयास लावले.

स्वातंत्र्य आल्यावर कात्री इतिहासजमा होईल, अशी काहींची अपेक्षा होती. तसे झाले नाही, आणि त्याला कारणेही होती. फाळणीच्या रक्ताचे डाग ताजे होते आणि शांतता राखण्याची जबाबदारी आता आपल्याच सरकारची होती. १९४९ मध्ये ‘यू’ आणि ‘ए’ ही वर्गवारी आली, १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९५२ मध्ये नवा कायदा झाला. घटनेने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्याचबरोबर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती यांसाठी वाजवी निर्बंधांना वाव ठेवला. वाजवी म्हणजे किती, हा प्रश्न उरला.

तो प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. चार महानगरांतील वैभव आणि दैन्य शेजारी शेजारी दाखविणाऱ्या त्यांच्या अनुबोधपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांना मंडळाने हरकत घेतली होती. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निर्णय दिला. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने मानले. परंतु आपल्यातील सर्वांत दुबळ्या वा विकृत मनाच्या माणसाच्या मापाने निकोप माणसाने काय पाहावे हे ठरवू नये, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

याच तत्त्वाचा अधिक कठीण प्रसंग १९८८ मध्ये उद्भवला. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवरून सुरू झाली. विषय फाळणीचा आणि दंगलींचा. ती पाहून जुने वैर पुन्हा पेटेल, अशी भीती घेऊन लोक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयात प्रथम स्थगितीही मिळाली. ही भीती पोकळ म्हणता येत नव्हती. दंगलीची राख ज्याने चिवडली आहे, असा कोणताही जिल्हाधिकारी ते सांगेल. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि स्थगिती उठविली. निरक्षर माणूसही व्यवहारज्ञानाला पारखा नसतो. द्वेष पेरणाऱ्यांचा डाव पडद्यावर उघडा पडला की तो त्याला कळतो, असे त्यांचे मत पडले.

सर्वोच्च न्यायालयाने हे मत उचलून धरले. त्यासाठी जे वचन आधाराला घेतले, ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, एका मुद्रित मजकुराच्या खटल्यात त्यांनी म्हटले होते, की शब्दांचा परिणाम समंजस व खंबीर माणसाच्या मापाने जोखावा. प्रत्येक विरोधात संकट पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, राखीव जागांवरील एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, निदर्शनांच्या धमकीपुढे शासनाने हात टेकणे म्हणजे कायद्याच्या राज्याला मुकणे होय, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

त्यानंतर यंत्रणा बदलत गेली. ‘सेन्सॉर’ हा शब्द अधिकृत नावातून १९८३ मध्येच गेला आणि ‘प्रमाणन’ हा शब्द आला. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण बंद झाले आणि निर्मात्याला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढणे भाग पडले. धनिकाला ते परवडते. तुटपुंज्या भांडवलावर अनुबोधपट काढणाऱ्याला विलंब हीच बंदी ठरते. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा वर्षे अशा वयोमर्यादा घातल्या आणि पालकांच्या विवेकाला काही स्थान दिले.

मुलांना जपणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो प्रौढांचा. ‘कीचकवध’ पाहणारा, विदुराची टोपी ओळखणारा, नाव पुसलेले तोरण तरीही पाहणारा प्रेक्षक पुष्कळदा फारसा शिकलेला नव्हता; पण त्याला अर्थ कळत होता. परक्या सरकारला त्याच्या या समजेचीच धास्ती वाटे. स्वतःचे सरकार निवडण्याइतकी समज ज्याच्या ठायी आहे असे राज्यघटनेने मानले, त्याला तीन तासांचा एक चित्रपट पाहण्यापुरते अजाण समजावे काय, याचे उत्तर प्रत्येक प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने स्वतःशी द्यावयाचे आहे.