किरणोपचार आणि मागाहूनचा त्रास

रोग गेला म्हणजे दुखणे संपले, असे आपण सहज म्हणतो. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या अनेकांचा अनुभव मात्र निराळा असतो. गाठ जाते, पण काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, शौचाला एकाएकी धावावे लागते, लघवी धरवत नाही, रक्त दिसते. मग एसटीचा प्रवास सुटतो, लग्नकार्य सुटते, आणि हे बोलायचे तरी कुणापाशी? श्रोतेहो, या त्रासाचा इतिहास जवळजवळ किरणांइतकाच जुना आहे.

राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढे दोनच वर्षांनी डेव्हिड वॉल्श यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की या किरणांजवळ काम करणाऱ्या एका माणसाला पोटाचा त्रास झाला आणि पोटापुढे शिशाचा पत्रा धरल्यावर तो थांबला. म्हणजे इजा दिसली होती, उपायही दिसला होता!

१८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले आणि लवकरच ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले. अडचण जागेची होती. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. जणू एका ओसरीवर तीन बिऱ्हाडे. एका घरातला चोर हाकलताना शेजाऱ्यांनाही मार बसायचाच. १९३८ साली मँचेस्टरच्या मार्गारेट टॉड आणि मेरेडिथ यांनी मात्रा नेमकी कोठे मोजायची, त्याचे बिंदू ठरवून दिले. कापडाची पट्टी भरून मूत्राशय व गुदाशय रेडियमपासून दूर सारण्याची काळजीही त्या पद्धतीत होती.

तरी त्रास उरलाच. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, ऊती कालांतराने ताठरते. मूत्राशयात पूर्वीइतके मावत नाही, गुदाशयातल्या नाजूक वाहिन्यांतून रक्त येते. लहान आतड्याचे शेवटचे टोक पित्ताम्ले शोषून घेईनासे झाले, की जुलाब लागतात.

वाचलात ना, मग आता तक्रार कसली, असे रोग्याला ऐकावे लागे. ही समजूत हलवणारा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. अँड्रेयेव्ह आणि सहकाऱ्यांनी २१८ रोग्यांचे तीन गट केले. एका गटाला माहितीची पुस्तिका दिली. दुसऱ्या दोन गटांत परिचारिकेने किंवा पोटविकारतज्ज्ञाने एकेका लक्षणाचे कारण पायरीपायरीने शोधले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कारण शोधलेले रोगी अधिक सुधारले, आणि शिकलेली परिचारिका तज्ज्ञाहून कमी ठरली नाही.

आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही मोलाचे काम झाले. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रियांवर जुनी आणि चित्राच्या मदतीने नेम साधणारी नवी पद्धत ताडून पाहिली. २०२१ च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांत आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत शेकडा ४२ जणींना झाला, नव्या पद्धतीत २१ जणींना. रोगावरचा ताबा मात्र कमी झाला नाही.

तेव्हा भोग म्हणून हे सोसू नये. पित्ताम्लांच्या जुलाबांवर औषध आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना व्यायाम आहे. रक्त दिसले तर तपासणी करून घ्यावीच. डॉक्टर नवे असोत की जुने, पूर्वी किरणोपचार झाले आहेत हे त्यांना आधी सांगावे. वॉल्श यांना जे १८९७ मध्ये दिसले, ते सांगायला आपण आज लाजायचे कारण नाही.