उपसर्गाचा अर्थ: लॅटिन क्रियापदे आणि 'विरचना'

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो काय, हा वाद यास्काइतका जुना आहे. निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात दोन मते नोंदली आहेत. शाकटायनाच्या मते नाम वा क्रियापदापासून सुटलेला उपसर्ग अर्थ सांगत नाही. तो केवळ त्यांच्या अर्थावर प्रकाश टाकतो. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे नाना अर्थ असतात.

लॅटिनचा इतिहास दोन्ही मतांना आधार देतो. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूर राहू शके, पाणिनीने त्याची नोंद घेतली आहे (१.४.८१–८२). फेस्टसने जतन केलेल्या प्राचीन लॅटिन प्रार्थनांतही 'सुब्' आणि 'ओब्' सुटे आढळतात. मुळात ही स्वतंत्र दिशावाचक अव्यये होती. पुढे ती धातूत विरघळली. 'एमेरे' म्हणजे मुळात घेणे. त्यापासून 'देमेरे' (काढून घेणे), 'प्रोमेरे' (बाहेर काढणे) ही रूपे झाली. 'सुर्गेरे' म्हणजे उठणे. त्यात 'खाली' या अर्थाचा 'सुब्' दडला आहे, कारण उठण्याची क्रिया खालून सुरू होते.

मराठीची वाटचाल याहून वेगळी नाही. 'बसणे' हे 'उप' आणि 'विश्' यांपासून 'बैसणे'मार्गे आले. 'विकणे' यात 'वि' आणि 'क्री' आहेत. नांदुरा स्थानकावर प्रवासी गाडीतून 'उतरतो', तेव्हा 'वर' या अर्थाचा 'उद्' त्याच्या ध्यानीही नसतो. पाण्यातून वर येऊन काठाला लागणे, नावेतून बाहेर पडणे आणि मग खाली येणे, असा हा अर्थप्रवास आहे.

या पार्श्वभूमीवर 'विरचना' ही संज्ञा तपासण्याजोगी ठरते. देरिदाच्या १९६७ मधील ग्रंथांतून पुढे आलेल्या संकल्पनेसाठी मराठी समीक्षेने ती योजिली. मूळ फ्रेंच शब्दात 'दे' आणि 'कोन्' हे दोन लॅटिन उपसर्ग एकमेकांविरुद्ध उभे आहेत: 'कोन्स्त्रुएरे' म्हणजे रचून उभारणे, तर 'देस्त्रुएरे' म्हणजे रचलेले पाडणे. मराठी संज्ञेत हे द्वंद्व एकट्या 'वि'वर सोपविले गेले. परंतु संस्कृतात 'विरचित' म्हणजे रचलेले. असंख्य ग्रंथांच्या पुष्पिकांत कर्त्याच्या नावापुढे हाच शब्द येतो. 'वि'ला विघटनाचा अर्थ देणारी संज्ञा गार्ग्याच्या पक्षाची आहे. परंपरेतील प्रयोग मात्र शाकटायनाकडे झुकतो.

म्हणून ती संज्ञा त्याज्य ठरत नाही. रचना आणि तिचे उकलणे एकाच शब्दात नांदावे, हे त्या संकल्पनेला विसंगत नाही. मात्र हा योग व्युत्पत्तीने सिद्ध झालेला नाही, तर वापराने घडविला आहे. उपसर्ग पाहून संकल्पना कळली असे मानणाऱ्या अभ्यासकाने हा भेद विसरू नये.