हौदा, लेथ आणि ट्रॅक

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. एरवी हा पोरगा फोन करत नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला की त्याच्या लेखी मामाशी बोलणं झालं! "मामा, रविवारी ट्रॅकवर यायचं बघ. आमची गाडी पळणार हाय."

गाडी म्हणजे गो-कार्ट. भाचा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. कॉलेजच्या दहा-बारा पोरांनी मिळून ती बनवली होती आणि कोल्हापूरबाहेरच्या एका ट्रॅकवर विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत उतरवली होती.

"चालवणार कोण, तू?"

"न्हाई, माझं वजन जास्त भरतंय. मी ब्रेकला हाय."

'मी ब्रेकला हाय' हे त्यानं इतक्या रुबाबात सांगितलं की मला हसू आलं. आणि मग जरा वेळानं हसू आलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी हाच भाचा रात्री अकरा वाजता बायपासवर मोटरसायकलची शर्यत लावताना पोलिसांना सापडला होता. वय सोळा, लायसन नाही, सायलेन्सर बदललेला. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, हे आमच्या दाजींना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ताई रडत होती. दाजींनी गाडीला साखळी लावून किल्ली देवघरात ठेवली. (देवाच्या ताब्यात दिली, असं ते म्हणाले.) आणि सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की पोराला समज द्यायचं काम मामानं करावं.

मामानंच का? कारण मामाचा इतिहास घरात सगळ्यांना माहीत आहे. ब्लॉगवर तो मी आजवर लिहिला नव्हता.

1986 सालची गोष्ट. आम्ही दोघे मित्र कॉलेजात होतो. त्याच्या वडिलांची यझदी होती, माझ्या काकांची राजदूत. पन्हाळ्याच्या रस्त्यावर रविवारी पहाटे आमची 'रेस' असायची. बक्षीस काय, तर हरणाऱ्यानं मिसळ खिलवायची. एका रविवारी वळणावर समोरून उसाची बैलगाडी आली. मी पुढे होतो, मी निसटलो. तो मागे होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो आजही माझा मित्र आहे, त्याचं छान चाललंय, आणि त्यानं मला कधी एका शब्दानंही बोल लावला नाही. पण त्याच्या घरी गेलो की दारातल्या चपला मोजायची मला खोड लागली आहे.

असा मी त्या पोराला काय समज देणार? 'वेग वाईट' म्हणालो तर ते खोटं आहे. पहाटेच्या त्या रस्त्यावर जे वाटायचं ते मला आजही आठवतं. शेवटी एवढंच म्हणालो, "जोर जिरवायला जागा पाहिजे बाळा, रस्ता ही ती जागा नव्हे." त्यानं विचारलं, "मग कुठली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर कोल्हापूरला हे उत्तर शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. तरण्या पोरांच्या अंगात रग असते, ती कुठं तरी बाहेर पडणारच. शाहू महाराजांनी त्या रगेला जागा बांधून दिली. 1902 साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं, आणि तसं मैदान आपल्या गावात हवं असं त्यांनी मनात घेतलं, असं सांगतात. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा आणि भोवती चढती बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसतेच.

पण मैदान हा झाला शेवटचा भाग. खरी गंमत पेठापेठांतल्या तालमींत होती. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं आजही घेतली जातात. तालमीत नवं पोर आलं की त्याला पहिल्याच दिवशी कुस्ती मिळायची नाही. आधी खोरं हातात. हौद्याची माती उकरायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची. मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं. जोर-बैठका मारायच्या. वस्तादाची नजर असायचीच. महिनोन्महिने असं गेल्यावर कधीतरी तो म्हणायचा, "ये रं, धर." तोवर पोराला त्या मातीची, त्या माणसांची सवय झालेली असायची. उद्या तो मोठा पैलवान नाही झाला तरी तालमीचा माणूस राहायचाच. आणि मुख्य म्हणजे खुराकाचा खर्च एकट्या बापावर नव्हता. राजाश्रय होता, पेठेचा हात होता. म्हणून शेतकऱ्याचं पोरगंही खासबागेत उतरू शकलं.

गाड्यांचा नाद कोल्हापूरला नवा नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची 1930 च्या दशकातली मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटण्याइतकीच गर्दी तिला बघायला असते. पण ती राजाची गाडी. सामान्य माणसाचं गाडीशी नातं जुळलं ते उद्यमनगरात. शाळेत फारसे न गेलेले म्हादबा मेस्त्री इथं ऑइल इंजिन घडवतात, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीला पवाड्यासारखी होती. नंतर शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव. फाउंड्र्या वाढल्या, इंजिनाचे सुटे भाग, कास्टिंग बनू लागलं. देशातल्या कितीतरी गाड्यांच्या पोटात कोल्हापूरचं लोखंड आहे.

उद्यमनगरातला वर्कशॉप हीसुद्धा तालीमच की! पोरगं आधी बुरादा झाडतं, चहा आणतं, पाना हातात देतं. मग ड्रिलवर, मग लेथवर. मेस्त्री म्हणजे वस्ताद. फरक एवढाच की इथं शेवटी खासबाग नव्हती. पोरगं इंजिनाचा भाग इतका बारीक घडवायचं, पण ते इंजिन पळताना बघायला त्याला जागा नव्हती. उरला रस्ता.

जगात कार्टिंग सुरू झालं तेही असल्याच एका वर्कशॉपवाल्यामुळे. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं उरलंसुरलं इंजिन बसवलं आणि ती गाडी मोकळ्या पार्किंगमध्ये पळवली. तो शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्या उद्यमनगरातही झालं असतं!

पुढं जर्मनीतल्या केर्पेनला एक गवंडी कार्टचा ट्रॅक सांभाळायचा, बायको तिथल्या कँटीनमध्ये काम करायची. लोकांनी टाकून दिलेल्या टायरांवर त्यांचा मुलगा शिकला. तो मायकेल शूमाकर. आईबाप ट्रॅकवरच कामाला नसते तर त्या घरातलं पोर तिथं पोचलं असतं का, याची मला शंका आहे.

आपल्याकडे हा खेळ रुजला तो दक्षिणेत. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून होती, तिथं शर्यती सुरू झाल्या. 1953 साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला, 1990 साली इरुंगट्टुकोट्टईला त्यांचा स्वतःचा ट्रॅक झाला. कोइमतूरच्या गिरणीवाल्या घराण्यातला एस. करिवर्धन हा भला माणूस स्वतः तर गाडी हाकायचाच, पण त्याचं मोठं काम वेगळं. मारुती 800 चं इंजिन घालून त्यानं 'फॉर्म्युला मारुती' बनवली, म्हणजे परदेशी गाडी परवडत नाही त्यांनाही शर्यतीत बसता यावं. 1995 साली विमान अपघातात तो गेला. नारायण कार्तिकेयन याच फॉर्म्युला मारुतीतून पुढं गेला आणि 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट कितीतरी मोठा आणि महागडा, पण तिथं फॉर्म्युला वन 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं झाली. मला तरी करिवर्धनचं काम जास्त टिकाऊ वाटतं. त्यानं खुराक स्वस्त केला.

आणि कोल्हापूर? मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आपल्याकडे झाला आणि 2010 च्या दशकात जेके टायरच्या राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या इथं भरल्या. बंगळूर-चेन्नईची पोरं कोल्हापुरात येऊन रेस खेळली, हे आमच्यासारख्यांना आधी खरंच वाटलं नव्हतं. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी अशी कोल्हापूरची नावं राष्ट्रीय शर्यतींच्या बातम्यांत दिसू लागली. कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. नाद खुळा!

यांचं कौतुक आहेच, त्यात काही कमी नाही. पण एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्याच्या घरात ऐपत आहे, तोच मूल सात-आठ वर्षांचं असताना त्याला कार्टमध्ये बसवू शकतो. कार्ट, इंजिन, दर फेरीला टायर, प्रवास, मेकॅनिक... पगारदार माणसाचं डोकं गरगरतं. रोटॅक्सची इंजिनं सीलबंद असतात, कुणी आतून छेडछाड करून जास्त ताकद काढू नये म्हणून. ट्रॅकवर सगळ्यांचं इंजिन सारखं. पण ट्रॅकच्या फाटकापर्यंत पोचणं काही सारखं नाही. तालमीचं दार ज्याच्या-त्याच्यासाठी उघडं होतं, ते इथं अजून उघडायचं आहे.

असो. रविवारची गोष्ट सांगतो.

मी शनिवारीच पोचलो. ट्रॅकवर तांत्रिक तपासणी चालू होती. ब्रेक दाबला की मागची दोन्ही चाकं जागेवर थांबली पाहिजेत, नाहीतर गाडी शर्यतीत सोडत नाहीत. आमच्या पठ्ठ्यांची गाडी फरफटत पुढं गेली. नापास. पोरांची तोंडं उतरली. चालवणारा पोरगा भाच्याकडे बघत होता, आणि भाचा खाली मान घालून डिस्क फिरवून बघत होता. डिस्क वाकडी फिरत होती. हब नीट टर्न झाला नव्हता.

संध्याकाळी सात वाजता आम्ही हब घेऊन उद्यमनगरात. रविवारची सुट्टी लागायला आलेली, शटरं अर्धी खाली. एका म्हाताऱ्या टर्नरनं हब हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाला, "ह्यो कुणी केलाय?" भाचा म्हणाला, "मी." "बस हितं. बघ." त्यांनी जॉब लेथला लावला, डायल लावून दाखवलं किती फरक आहे, आणि निम्म्यावर येऊन बाजूला सरकले. "आता तू कर." नऊ वाजेपर्यंत काम चाललं. पैसे विचारले तर म्हणाले, "उद्या पळाली तर सांगायला या."

मी शटरला टेकून उभा होतो. सोळाव्या वर्षी बायपासवर सुसाट जाणारं हेच ते पोर. दोन तास त्यानं मोबाइल बघितला नाही. गाडी थांबली कशी पाहिजे, यात गुंतला होता.

सकाळी चाकं जागच्या जागी थांबली. तपासनिसानं स्टिकर लावला तेव्हा पोरांनी जो कालवा केला, तो शर्यत जिंकणाऱ्यांनीही केला नसेल. शर्यतीत गाडी सतराव्या फेरीला चेन तुटून बंद पडली. पण ती मान खाली घालून परत आली नाहीत.

ट्रॅकवर उन्हात पिवळे-निळे झेंडे घेऊन काही पोरंपोरी उभी होती. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक नको. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे थांबा. सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीतही हे झेंडेवाले मार्शल स्वयंसेवकच असतात. झेंडा धरायला कार्ट विकत घ्यावी लागत नाही. लॅप मोजायला, पाना द्यायला, टायरचं प्रेशर बघायलाही नाही. हीच ती हौद्याची माती उकरायची कामं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांना ट्रॅकवर आणायचं तर 'या, पैसे भरा, पाच मिनिटं चालवा' यानं ती वाढदिवसाला येतील आणि जातील. त्यांना काम द्या. कॉलेजांनी, आयटीआयनी ट्रॅकशी गाठ बांधावी. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी वर्षाला एकेका गरजू, हुशार पोराचा खुराक उचलावा. दसऱ्याच्या आणि गणपतीच्या वर्गणीला आपण काही कमी पडत नाही! 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर आपण कायद्यावर, पोलिसांवर, श्रीमंतांच्या पोरांवर खूप बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण माझ्या भाच्याचा 'मग कुठली?' हा प्रश्न तसाच राहिला.

त्या संध्याकाळी मी पायवाल्या मित्राकडे गेलो. भाचाही बरोबर होता. ब्रेकची सगळी कथा त्यानं हातवारे करत सांगितली. मित्र शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षी मला घेऊन जा. उभं राहायला जमणार नाही जास्त वेळ, पण खुर्चीत बसून लॅपा मोजीन की."

भाच्यानं लगेच त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. दाजींनी देवघरातली किल्ली अजून दिलेली नाही; पोरगं अठरा वर्षांचं झालं, पक्कं लायसन यायचंय. हल्ली तो मागतही नाही, ही ताईची तक्रार आहे. म्हणते, "बरं वाटत न्हाई का रं ह्याला?"

आणि हो, सोमवारी आम्ही त्या टर्नरकाकांना सांगायला गेलो होतो. चेन तुटली म्हणालो तर त्यांनी विचारलं, "चेन कुणाकडं होती?"